‘अ टच ऑफ झेन’चा शेवट कसा पाहावा

पू सोंग-लिंग या चिनी कथाकाराच्या मूळ गोष्टीत शेवटी एक कातडी पिशवी आहे. शेजारी राहणारी अबोल, गरीब मुलगी एका रात्री कू नावाच्या तरुणाकडे येते. पिशवीत तिच्या वडिलांच्या वैऱ्याचं डोकं असतं. कूपासून झालेलं मूल तिनं आधीच त्याच्या घरी सोपवलेलं असतं. सूड पुरा झाला, उपकाराची फेड झाली, आता थांबायचं कारण उरलं नाही, असं सांगून ती जाते आणि पुन्हा कुणाला दिसत नाही. पुढे कू अकाली मरतो, मुलगा अठराव्या वर्षी राजदरबाराची परीक्षा उत्तीर्ण होतो, आजीला अखेरपर्यंत सांभाळतो. वैऱ्याचं डोकं, घराण्याचा वंश, म्हातारीचा आधार अशी सगळी खाती चुकती होऊन गोष्ट संपते. पू सोंग-लिंग १६४० ते १७१५ या काळात होऊन गेले. भुताखेतांच्या, कोल्हिणींच्या आणि विलक्षण माणसांच्या त्यांच्या कथांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे पन्नास वर्षांनी, १७६६ मध्ये छापला गेला. त्यातली ही गोष्ट जेमतेम काही पानांची आहे.

किंग हू या दिग्दर्शकानं त्या काही पानांचा सुमारे तीन तासांचा चित्रपट केला. चिनी नाव तेच ठेवलं, ‘श्या न्यू’, म्हणजे शूर स्त्री. बाहेरच्या जगात तो ‘अ टच ऑफ झेन’ या नावानं ओळखला गेला. शेजारची मुलगी, कू, त्याची आई, मूल हे सगळं त्यांनी घेतलं. पिशवी मात्र काढून टाकली. त्या जागी एक बौद्ध मठाधिपती आणून बसवला. त्याच्या पोटात सुरा खुपसला जातो, जखमेतून सोनेरी रक्त वाहतं, आणि मावळतीच्या सूर्यासमोर तो ध्यानस्थ बसतो. तलवारपट संपतो तो अशा माणसावर, ज्यानं सबंध चित्रपटात तलवार धरलेली नाही.

पुढच्या पानांत या चित्रपटाचा शेवटचा भाग प्रसंगवार उलगडला आहे. त्याआधी वाचकाशी एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी. गेली पन्नास वर्षं या शेवटाबद्दल दोनच प्रकारची मतं ऐकू येतात. काही जण भारावून जातात आणि ‘गूढ’ या एका शब्दावर थांबतात. काही जणांना तो बाहेरून चिकटवलेला वाटतो. बांबूच्या बनातली ती अप्रतिम लढाई झाल्यावर हे प्रवचन कशाला, असं ते विचारतात. मला दोन्ही मतं अपुरी वाटतात. हा शेवट गूढ असला तरी अनाकलनीय नाही, आणि चिकटवलेला तर मुळीच नाही. चित्रपटाच्या पहिल्या दृश्यापासून त्याची तयारी चाललेली आहे. ती तयारी दाखवणं हे या प्रस्तावनेचं काम.

दिग्दर्शकाची ओळख थोडक्यात करून देतो. किंग हू, म्हणजे हू चिन-छुआन, यांचा जन्म १९३२ मध्ये बीजिंगमधला. १९४९ मध्ये, चीनमध्ये सत्ता पालटली त्या वर्षी, ते हाँगकाँगला आले आणि चित्रपटसृष्टीत पडेल ते काम करत वर चढले. कलाविभागात काम केलं, अभिनय केला, मग शॉ ब्रदर्स या बलाढ्य स्टुडिओत दिग्दर्शन केलं. १९६६ चा ‘कम ड्रिंक विथ मी’ गाजला. लगोलग ते तैवानला गेले आणि युनियन फिल्म कंपनीसाठी त्यांनी ‘ड्रॅगन इन’ (१९६७) केला. तो आशियाभर तुफान चालला. त्या यशाच्या बळावर त्यांना मनासारखा चित्रपट करायची मोकळीक मिळाली, आणि तिचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. काम वर्षानुवर्षं लांबलं. बांबूच्या बनातली लढाई पडद्यावर दहाएक मिनिटांची. तिच्या चित्रीकरणाला पंचवीस दिवस लागले असं सांगितलं जातं.

किंग हू स्वतः युद्धकलेचे जाणकार नव्हते आणि तसा आवही त्यांनी कधी आणला नाही. आपल्या चित्रपटांतली मारामारी ही मारामारीपेक्षा नृत्याला जवळची आहे, असं ते सांगत. त्यांचा वारसा होता पेकिंग ऑपेराचा. ढोल-झांजांच्या ठेक्यावर पावलं टाकणारे, एका गिरकीत व्यक्तिरेखा उभी करणारे, क्षणभर पुतळ्यासारखे थिजून पुन्हा उसळणारे नट त्यांच्या डोळ्यांसमोर असत. त्यांचे मारामारी-दिग्दर्शक हान यिंग-च्ये त्याच परंपरेतून आलेले. या चित्रपटात हान यांनी शेवटचा खलनायकही रंगवला आहे. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, ब्रूस लीचा ‘द बिग बॉस’ आला. त्यातला खलनायकही हेच हान. हाँगकाँगचा प्रेक्षक तलवारीकडून मुठीकडे वळत होता, त्या वळणाच्या दोन्ही बाजूंना हा एकच माणूस उभा आहे.

आता शेवटांबद्दल. तलवारपट कसा संपावा याचा एक अलिखित करार प्रेक्षक आणि चित्रपट यांच्यात असतो. दोन-अडीच तास अन्याय साचवायचा, आणि शेवटी एका वारात तो फोडायचा. कुरोसावा यांच्या ‘सान्जुरो’मध्ये (१९६२) दोन सामुराई समोरासमोर कितीतरी वेळ निश्चल उभे राहतात आणि मग एका झटक्यात रक्ताचा फवारा उडतो. तो करार तिथे इतका तंतोतंत पाळला आहे, की पाहणारा हादरतो. ओकामोतो यांच्या ‘द स्वोर्ड ऑफ डूम’मध्ये (१९६६) नायक बेभान होऊन कापतच सुटतो आणि चित्र मध्येच गोठतं, तिथे करार मोडला आहे, पण तोही तलवार हातात ठेवूनच.

किंग हू यांनी हा करार आधी दोनदा पाळला होता. ‘कम ड्रिंक विथ मी’मध्ये शेवटचा दुष्ट माणूस चक्क एक मठाधिपती आहे! गुरुबंधूंच्या झुंजीत त्याचा निकाल लागतो. ‘ड्रॅगन इन’मध्ये दम्यानं धापा टाकणारा पराक्रमी खोजा अधिकारी आहे, चार-पाच वीर मिळून त्याला डोंगरावर गाठतात, डिवचतात, दमवतात आणि अखेर त्याचं डोकं उडवतात. पिशवीतल्या डोक्याचाच हा थाट. तो खोजा रंगवणारे नट बाय यिंग ‘अ टच ऑफ झेन’मध्ये नायिकेच्या बाजूनं लढणारे सेनापती शिह झाले आहेत. म्हणजे १९६६ मध्ये मठाधिपती खलनायक, १९६७ मध्ये शिरच्छेद, आणि १९७१ मध्ये शिरच्छेदाच्या जागी मठाधिपती. पाच वर्षांत एका माणसानं स्वतःच घडवलेल्या प्रकाराला विचारलेला हा प्रश्न आहे. शत्रूला मारून नेमकं काय संपतं?

चित्रपटाची सुरुवात कोळ्यांच्या जाळ्यांपासून होते. रात्र, ओले धागे, त्यांत अडकलेले किडे आणि त्यांच्याकडे सरकणारे कोळी. मग धुकं, ओसाड वाडे, उंच वाढलेलं रुपेरी गवत. मनुष्यप्राणी बराच वेळ दिसतच नाही. कू शंग-चाय (नट शिह चुन) हा लोकांची चित्रं काढून आणि पत्रं लिहून पोट भरणारा, तिशी उलटलेला, अविवाहित पंडित. परीक्षा द्यावी, नोकरी मिळवावी, सून आणावी यासाठी आई त्याच्या मागे लागलेली. शेजारच्या पडक्या किल्ल्यात एक तरुणी राहायला येते, यांग हुई-चन (नटी स्यू फंग). गावात एक परका माणूस येतो आणि प्रत्येकाकडे निरखून पाहतो. पहिली तलवार म्यानाबाहेर यायला जवळजवळ तास लागतो.

तो तास वाया गेलेला नाही. जाळं विणणं चाललं आहे आणि कोळी कोण, किडा कोण हे आपल्याला कळू दिलेलं नाही. हळूहळू उलगडतं की यांग ही यांग ल्येन या अधिकाऱ्याची मुलगी. हे नाव इतिहासातलं आहे. मिंग राजवटीत १४२० मध्ये बादशहानं खोजांच्या हाती ‘तुंगछांग’ नावाचं गुप्तहेर खातं दिलं. दोनशे वर्षांनी वेई चुंग-श्येन हा खोजा त्या खात्याच्या जोरावर राज्याचाच धनी होऊन बसला. १६२४ मध्ये यांग ल्येन यांनी त्याच्या चोवीस अपराधांची यादी बादशहापुढे ठेवली. पुढच्याच वर्षी तुरुंगात छळ करून त्यांना मारण्यात आलं. तो छळ करणारा अधिकारी म्हणजे स्यू श्येन-चुन. हान यिंग-च्ये यांनी रंगवलेला खलनायक हाच. इतिहासात ज्यानं बापाला मारलं, चित्रपटात तो लेकीच्या मागावर शेवटी येतो. चिनी प्रेक्षकाला या नावानं काय आठवत असेल, हे ध्यानात ठेवलं तर शेवटाची धार आणखी कळते. याच्याइतका शिक्षेला पात्र माणूस दुसरा शोधावा लागला नसता.

आता कथेची सूत्रं कुणाकडून कुणाकडे जातात ते पाहा. पहिला भाग कूचा आहे. आपण सगळं त्याच्या नजरेनं, भिंतीच्या भोकातून, गवताआडून, अर्धवट पाहतो. दुसरा भाग यांगचा. बांबूच्या बनात ती खोडांवरून वर झेपावते आणि उलटी होऊन शत्रूवर सूर मारते. लपवलेल्या, उसळी देणाऱ्या जाळ्यांवरून घेतलेल्या उड्या आणि डोळ्याची पापणी लवते तेवढ्या लांबीचे तुकडे एकापुढे एक जोडून किंग हू यांनी शरीराला जमणार नाही ती गती निर्माण केली. सगळं घडून गेल्यावर आपल्याला कळतं की घडलं. तिसरा भाग मठाधिपती हुई-युआन यांचा (नट रॉय चियाओ, जे पुढे ‘एंटर द ड्रॅगन’मध्येही शाओलिनच्या गुरूंच्या भूमिकेत दिसले). वाचन आणि डावपेच यांवर जगणारा पंडित, शस्त्रावर जगणारी वीरकन्या आणि दोन्ही सोडलेला भिक्खू, असा हा चढता क्रम आहे. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या माणसाचं बळ अपुरं ठरतं आणि गोष्ट पुढच्याच्या हाती जाते. शेवट वेगळा वाटतो, कारण तो तिसऱ्या माणसाच्या नियमांनी चालतो.

पण शेवटाची खरी किल्ली त्याच्याही आधीच्या एका प्रसंगात आहे, आणि तो प्रसंग मी वाचकाला थांबून पाहायला सांगेन. शत्रूची मोठी तुकडी किल्ल्याकडे येते आहे. यांगच्या बाजूला मूठभर माणसं. आयुष्यभर युद्धशास्त्र वाचलेल्या कूला पहिल्यांदाच संधी मिळते. किल्ला भुतांनी झपाटलेला आहे अशी अफवा तो पेरतो, बाहुल्या उभ्या करतो, घंटा टांगतो, दगड आणि बाण सुटतील असे सापळे रचतो. रात्री शत्रू घाबरतो, गोंधळतो, कापला जातो. सकाळी कू एकटाच किल्ल्यातून फिरतो. एकेक सापळा हातानं चालवून बघतो, बाहुलीशी चेष्टा करतो आणि खदाखदा हसतो. आपणही हसतो, कारण रात्रभर आपण त्याच्याच बाजूला होतो. हसत हसत तो अंगणात येतो आणि पाऊल अडखळतं. समोर प्रेतं पडली आहेत. एक, दोन, मग आणखी, मग जिकडे नजर जाईल तिकडे. हसू चेहऱ्यावरून उतरायलाही वेळ लागतो. भिक्खू मृतांच्या अंत्यविधीसाठी आलेले आहेत. कू वेड्यासारखा प्रेतांमधून यांगला शोधत धावतो. ती निघून गेलेली असते.

कोळी कोण होता ते इथे कळतं. कूनं जाळं विणलं. हुशारीचा खेळ होता तो. बुद्धिवान, निरुपद्रवी, आपल्याला प्रिय असा माणूस शंभरेक मृत्यूंचा शिल्पकार झाला. किंग हू त्याला दोषी ठरवत नाहीत. फक्त त्याला (आणि आपल्याला) सकाळच्या उजेडात हिशेब दाखवतात. इथून पुढे या चित्रपटाला साधा सूड दाखवणं शक्यच नव्हतं. प्रेतांकडे एकदा नीट पाहिल्यावर आणखी एका प्रेतावर टाळ्या मागणं अप्रामाणिक ठरलं असतं. शेवट चिकटवलेला आहे असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा. शेवट खरं तर इथेच सुरू झाला आहे.

आणि आता प्रत्यक्ष शेवट. यांगनं मठाचा आश्रय घेतला आहे. तिला शोधत गेलेल्या कूला वाटेत एका खडकावर ठेवलेलं बाळ सापडतं. ते त्याचंच. मूळ कथेतला मुलाचा धागा इथे पुरा होतो. पू सोंग-लिंग असते तर इथेच थांबले असते. पण कूच्या नावानं पकडण्याचे हुकूम निघालेले आहेत आणि स्यू श्येन-चुन त्याच्या मागावर आहे. हुई-युआन यांग आणि सेनापती शिह यांना त्याच्या रक्षणासाठी पाठवतात. यांग पुन्हा तलवार उचलते, पण या वेळी बापाचा सूड हे कारण नाही. एका निःशस्त्र माणसाला आणि तान्ह्या बाळाला वाचवायचं आहे. तलवार तीच, हेतू बदलला. मूळ कथेतली मुलगी सूड संपताच नाती सोडून जाते. किंग हू यांची यांग सूड सोडून देते आणि मग नात्यासाठी परत येते. हा बदल माझ्या मते सबंध चित्रपटातला सर्वांत मोठा आहे.

स्यू त्या दोघांनाही भारी पडतो. किंग हू यांनी त्याला खुजा केलेला नाही. मग भिक्खू येतात, सूर्याला पाठीशी घेऊन. कॅमेरा थेट सूर्याकडे रोखलेला आहे. भिंगात प्रकाशाचे कवडसे उमटतात, आकृत्या काळ्या होतात, चेहरे दिसत नाहीत. छायाचित्रकार एरवी जी गोष्ट टाळतात तीच इथे मुद्दाम केली आहे. हुई-युआन रिकाम्या हातांनी स्यूला नमवतात आणि सोडून देतात. स्यू गुडघे टेकतो, पश्चात्ताप झाल्याचं सांगतो. ते जवळ येतात. तो सुरा खुपसतो.

मराठी वाचकाला इथे अंगुलिमालाची गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. बोटांची माळ घालणारा तो खुनी बुद्धांच्या मागे धावला आणि शेवटी शस्त्र टाकून भिक्खू झाला. क्रूराला करुणा जिंकते, असं ती गोष्ट सांगते. किंग हू ती गोष्ट ओळखीची असलेल्या प्रेक्षकापुढे तिची पोकळ नक्कल मांडतात. खुनी शरण येतो, पण खोटा. करुणा दाखवणाऱ्याला सुरा मिळतो. हुई-युआन इतके प्रवीण आहेत की त्यांना फसवलं गेलं यावर विश्वास बसणं कठीण. मला वाटतं, फसवलं जाण्याची शक्यता त्यांनी पत्करली होती. समोरचा खरा ठरेल याची खात्री करूनच दाखवलेली करुणा म्हणजे कूच्या सापळ्यांसारखाच एक डावपेच झाला असता. त्यांनी हिशेब केला नाही. किल्ल्यातल्या कूला दिलेलं उत्तर हेच.

सुरा लागल्यावर रक्त येतं ते सोनेरी. यात चमत्कारापेक्षा परंपरा जास्त आहे. बौद्ध ग्रंथांत महापुरुषाची बत्तीस लक्षणं सांगितली आहेत, त्यांतलं एक म्हणजे सोन्यासारखी कांती. म्हणूनच देशोदेशीच्या बुद्धमूर्तींना सोन्याचा मुलामा दिलेला दिसतो. आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं लक्ष गेलेलं नाही असं मला वाटतं. पाच महापापांची एक यादी बौद्ध परंपरेत आहे, आनंतर्य कर्मांची. मातृहत्या, पितृहत्या, अर्हताची हत्या, संघात फूट पाडणं आणि बुद्धाच्या शरीरातून रक्त काढणं. इतर कर्मांची फळं कधीतरी मिळतात. या पाचांचं फळ मध्ये अंतर न पडता मिळतं. बुद्धांवर दगड ढकलून त्यांच्या पायातून रक्त काढणारा देवदत्त हे त्याचं उदाहरण. आता पडद्यावर पाहा. सोनेरी रक्त सांडतं आणि स्यूचं जग तत्क्षणी बिघडतं. रंग उलटतात, चित्रं छायाचित्राच्या निगेटिव्हसारखी होतात, झाडं-खडक-माणसं यांची ओळख पुसते. भ्रमिष्ट होऊन तो कड्यावरून कोसळतो. त्याला मारणारी तलवार कुणाच्याच हातात नाही. दिग्दर्शकानं ही यादी मनात धरली होती असा माझा दावा नाही. पण ती ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला या भागाचं व्याकरण लख्ख दिसतं. न्याय होतो, तलवारपटाचा करार तेवढ्यापुरता पाळला जातो, आणि तरी कुणाचेही हात रक्तानं माखत नाहीत.

त्यानंतर किंग हू बोलणंच बंद करतात. यांग जखमी, शिह जखमी, लांबवर बाळाला घेतलेला कू. खडकांचा ओसाड प्रदेश. हुई-युआन चालत जातात आणि उंचावर बसतात. सूर्य त्यांच्या डोक्यामागे येतो आणि त्याचं प्रभामंडळ होतं. यांग धडपडत त्या आकृतीच्या दिशेनं जाते. आपल्याकडे अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात बुद्धांचं महापरिनिर्वाण कोरलेलं आहे. तिथे मृत्यू पहुडलेला आहे आणि खाली शिष्य शोक करत आहेत. त्याच लेण्यात माराच्या सैन्यानं वेढलेले, आसनावरून न हललेले बुद्धही आहेत. किंग हू यांच्या शेवटच्या प्रतिमेत मला या दोन शिल्पांचा मेळ दिसतो. मरणारा माणूस आणि न हललेला माणूस एकच. तो मेला की मुक्त झाला, हे चित्रपट सांगत नाही. झेन ही कल्पना पडद्यावर आणणं फार अवघड आहे आणि ती समजावण्यापेक्षा अनुभवू द्यावी, अशी किंग हू यांची भूमिका होती. त्यांनी तेच केलं. फक्त हा अनुभव त्यांनी हवेतून काढला नाही. सूर्य, भिंग, काळ्या आकृत्या आणि तुकड्यांची जोडणी एवढ्याच साधनांनी तो घडवला.

या शेवटावर एक आक्षेप मात्र मी मनापासून मानतो. चित्रपटाचं नाव स्त्रीचं, पराक्रम स्त्रीचा. मग शेवटचा शब्द, किंवा शेवटचं मौन, एका पुरुषाचं का? यांगला बापाच्या मारेकऱ्यावर शेवटचा वार घालू न देणं हा तिच्यावर अन्याय नाही का? या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. माझं म्हणणं इतकंच, की स्यू फंग यांचा अभिनय पाहताना तो वार यांगला हवाच होता असं कुठे दिसत नाही. विशीच्या उंबरठ्यावरच्या या नटीनं सबंध भूमिका जवळजवळ चेहरा न हलवता केली आहे. भावना फक्त डोळ्यांत आणि मानेच्या वळणात. पहिल्या भागातली तिची नजर सतत दारावर असते, पाठलाग होणाऱ्या माणसाची नजर. शेवटच्या लढाईत ती तशी उरलेली नाही. ती हरत असतानाही शांत आहे. तिचा प्रवास वार घालण्यापर्यंतचा नव्हताच. पण वाचकाला हे पटलं नाही, तर त्या मताला पुढच्या पानांत जागा आहे आणि ती असायलाच हवी.

चित्रपटाचं व्यावसायिक नशीब वाईट होतं. तैवानमध्ये तो १९७० आणि १९७१ मध्ये दोन भागांत लावला गेला. पहिला भाग बांबूच्या बनातल्या लढाईवर संपला. दुसऱ्या भागाच्या प्रेक्षकाला ती आठवण म्हणून पुन्हा दाखवली. म्हणजे सर्वांत देखणी लढाई एका भागाचा शेवट झाली आणि खरा शेवट वेगळ्या तिकिटावर, वेगळ्या दिवशी पाहायचा राहिला. ज्या शेवटाचा जोर आधीच्या प्रत्येक प्रसंगावर उभा आहे, त्याला अशा रीतीनं तोडल्यावर तो चिकटवलेला वाटला तर दोष प्रेक्षकाचा नाही. दोन्ही भाग एकत्र असलेली आवृत्ती १९७५ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली आणि तिला तांत्रिक कामगिरीचं मोठं पारितोषिक मिळालं. तिथे असा मान मिळवणारा हा पहिला वूशिया, म्हणजे चिनी तलवारपट. पुढे स्यू फंग स्वतः निर्मात्या झाल्या. त्यांच्या ‘फेअरवेल माय कॉन्क्युबाइन’ला १९९३ मध्ये कानचा सर्वोच्च सन्मान मिळाला. ‘अ टच ऑफ झेन’ची प्रत डिजिटल तंत्रानं नव्यानं सिद्ध झाली त्यामागेही त्या उभ्या राहिल्या, आणि २०१५ मध्ये ती कानच्या अभिजात विभागात झळकली. किंग हू हे पाहायला नव्हते. अमेरिकेत रेल्वे बांधणाऱ्या चिनी मजुरांवरच्या चित्रपटाची जुळवाजुळव करत असताना १९९७ मध्ये तैपेईत त्यांचं निधन झालं.

त्यांचा प्रभाव मात्र सर्वदूर गेला. आंग ली यांच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मध्ये (२०००) बांबूच्या शेंड्यांवरचं द्वंद्व आहे, चांग यिमोउ यांच्या ‘हाउस ऑफ फ्लाइंग डॅगर्स’मध्ये (२००४) बांबूच्या बनातला हल्ला आहे. दोन्ही चित्रपट मराठी प्रेक्षकांनीही चित्रपटगृहांत आणि दूरचित्रवाणीवर पाहिले आहेत. बांबूचं बन सगळ्यांनी घेतलं, कारण ते घेता येण्याजोगं होतं. उड्या, दोर, हिरवा उजेड. शेवट घ्यायचा तर त्याआधी किल्ल्यातली ती सकाळ घ्यावी लागते. आपल्याच नायकाच्या विजयाकडे पाहून आपल्याच प्रेक्षकाचं हसू थांबवावं लागतं. ते धाडस फार थोड्यांनी केलं.

वाचकाला माझी एक विनंती आहे. पुढचे लेख वाचण्याआधी चित्रपट पाहावा, आणि तो एका बैठकीत पाहावा. पहिला तास संथ वाटेल. तो घाईनं पुढे सरकवू नये. लढाया आवडतील, त्या मनमुराद आवडू द्याव्यात. त्या आवडल्याशिवाय किल्ल्यातली सकाळ बोचणार नाही. शेवट पाहून काही कळलं नाही असं वाटलं, तर स्यूसाठी आपण कोणता शेवट मनात धरून बसलो होतो हे स्वतःला विचारावं. माझा अनुभव असा की तो प्रश्न विचारला, की हा शेवट उलगडू लागतो. अन्यायानं संतापलेल्या माणसाला सूडाची इच्छा होते, ती खोटी नाही; किंग हू यांनीही तिची टिंगल केलेली नाही, उलट दोन तास तिला मान दिला. फक्त ती पुरी झाल्यावर हाती काय राहतं हे त्यांनी आधी दाखवलं आणि मग दुसरा रस्ता दाखवला. तो रस्ता सुरक्षित नाही, त्यावर सुरा लागतो, हेही लपवलं नाही. एवढी प्रामाणिक मांडणी तलवारीच्या चित्रपटात मी दुसरीकडे पाहिलेली नाही, आणि म्हणून या शेवटच्या अर्ध्या तासावर एक स्वतंत्र पुस्तक असावं असं मला ठामपणे वाटतं.